नग एक

यवतमाळच्या होस्टेलनं पाठवलेल्या यादीत
अकराव्या नंबरला होतं : ब्लँकेट, नग एक.
दारव्ह्याच्या दुकानात साडेसहाशे.
बेबीनंदाआत्यानं घडी नाकाशी नेली, परत ठेवली.
"एवढ्यात तं बकरीचं पिल्लू येते.
थे घेऊन झोप, गरम बी राह्यते."

त्याच बाजारात सत्तारचाचांच्या मशीनखालचं कात्रण
तिनं दहा रुपये किलोनं तोलून घेतलं.
तोलायच्या आधी टेरिकॉट बाजूला काढलं,
हे सुईचं ऐकत नाई म्हणून.
"बाई, ये कचरा है, भाजी नहीं," चाचा म्हणाले.
"मंग फुकट द्या."
दोन किलोचे वीस. वर दोन सुया.

दोरा विकत घ्यायचाच नव्हता.
युरियाच्या पोत्याचं तोंड नेमक्या बाजूनं ओढलं
की सर्रकन निघून येतो पांढरा दोरा,
नुकत्याच सोडलेल्या वेणीसारखा नागमोडी.
गल्लीभर सांगून ठेवलं होतं तिनं :
पोतं कापू नका, ओढा.
दोन हंगामांचा मिळून कवठाएवढा गुंडा झाला होता.

सकाळी वेचणी,
दुपार कलली की अंगणात निंबाखाली वाकय.
वाकय ती म्हणायची. मी गोधडी म्हणायचे,
बारावी झाल्यापासून.
अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
बोटांना वेचणीचे चिरे, चिऱ्यांत दोरा अडकायचा,
की बोट तोंडात घालून ती हिशोब सांगायची,
कुणी विचारलेला नसताना.

खाली तिचंच विरलेलं लुगडं.
वर गणवेशाचा आभाळी, परकराचा शेंदरी,
कुणाची तरी बाही बेतताना उरलेली चंद्रकोर,
आणि बियाण्याच्या कंपनीनं वाटलेला टी-शर्ट :
छातीवर बोंड, हिरवी अक्षरं.
"अक्षरं आत घाल," मी म्हटलं. "होस्टेल आहे ते."
तिनं माझ्याकडं पाहिलं. तुकडा उलटा केला.
तिथले टाके जरा जास्तच जवळ आहेत.
मी मोजलेत.

चौथा कोपरा मिटताना
तिच्या मुठीतून जवारीचे पाच दाणे आत पडले.
मला वाटलं, चुकून.

एकूण खर्च तीस रुपये,
त्यातले दहा ऑटोचे, ते धरायचे नाहीत असं तिचं मत.

होस्टेलात मी ती गादीखाली ठेवली.
डिसेंबरात, फुटक्या काचेच्या खिडकीखाली,
शेजारच्या खाटेवरची आत्राम न विचारताच ती ओढून आत शिरली.
मोबाईलचा टॉर्च मी वरून टेकवला, तिनं आतून वाचलं :
खात्रीचं बियाणं.
आत घातलेली अक्षरं
आतून सरळच दिसत होती.
आम्ही इतक्या हसलो की वॉर्डन आली.

फेब्रुवारीत उंदरानं कोपरा कुरतडला,
नेमका चौथा.
चार दाणे निघाले.
मी फोन लावला.

"वाकयीच्या पोटात काही असू द्या लागते, माय.
उपाशी वाकय मानसाले ऊब काहून देईन?"
"दाणे नाहीत इथं. मेसमध्ये भात आहे."
"शिजलेला नको, बुरा येते. कच्चे तांदूळ घाल, पाच.
दोरा हाये?"
"आहे. टाके घालायच्या प्रॅक्टिकलचा, तारीख संपलेला."
"तारीख कायची पाह्यतं. सुई आडवी धर.
पह्यला टाका आतून काढ, गाठ दिसली नाई पायजे.
अन् कोपरा कोनाले तरी धराले लाव,
एकटीनं ताणला का तिरपा होते."

आत्राम धरूनच बसली होती. फोन स्पीकरवर.
पलीकडं पोत्याचं तोंड उघडल्याचा आवाज आला,
सर्रकन,
मग आत्याचा :
"थो दोरा इकत घेतला असता तं कितीचा पडला असता?"
माहीत नाही, मी म्हटलं.
"इचारून ठेव."